पिवळा समुद्र

संघर्ष परदेशी प्रवासी बोटीवर लाँड्रीत कामाला होता. दर रविवारी तो नाशिकला घरी फोन करायचा आणि त्याची आई, चांगुणाबाई, आधी विचारायची, “आज समुद्र कसाय रे?” कधी तो हिरवा असायचा, कधी निळा. एकदा तर पिवळा होता. तिनं ते साऱ्या कॉलनीत सांगितलं.

तीन वर्षांनी त्यानं कंपनी बदलली.

“नव्या बोटीत काय फरक आहे?”

“इथं खिडकी आहे, आई! समुद्र दिसतो. पहिल्या दिवशी डोळेच दिपले माझे. जुन्या बोटीत आम्ही पार तळाला, वर यायचो तेव्हा अंधारच असायचा.”

चांगुणाबाईनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

“मग तो पिवळा?”

“त्या दिवशी पिवळे टॉवेल आले होते धुवायला.”