मोसम संपेपर्यंत

“आई झोपलीय,” ताईने फोनवर सांगितलं.

“आत्ता? दुपारी तर ती कधी पाठ टेकत नाही.”

“वय झालं आता तिचं. तू उद्याच्या सामन्याचं बोल.”

मागच्या वेळी आई शेजारी गेली होती; त्याआधी तिचा घसा बसला होता. ताईला खोटं बोलणं कधी जमलं नव्हतं. आता मात्र एकामागून एक थापा सहज जमत होत्या.

भाऊ परक्या देशात बास्केटबॉल खेळायचा. लहानपणी घरात सगळे त्याला शिडी म्हणत, कारण स्टुलाशिवाय पंखा पुसणारा तो एकटाच. त्या उंचीने त्याला तीन देशांतल्या क्लबांत नेलं. करार मात्र दर खेपेला वर्षाचाच. भाड्याची खोली, फ्रीझरमध्ये गुडघ्यांसाठी बर्फाच्या पिशव्या, आणि मोसम संपत आला की पुढच्या वर्षी ठेवतील की नाही ही धाकधूक. त्यात आता पस्तिशी गाठलेली. मोसम अर्ध्यावर टाकून जाणाऱ्या पस्तिशीच्या खेळाडूला पुन्हा कोण दारात उभं करणार?

म्हणून तर आईने इस्पितळात ताईला शपथ घातली होती. “मोसम संपेपर्यंत त्याला यातलं काही कळता कामा नये. कळलं तर सगळं टाकून येईल तो.”

स्वतः ती शेवटपर्यंत त्याच्याशी खणखणीत आवाजात बोलली. “पाऊल जपून टाक रे बाळा,” हे ठरलेलं. फोन ठेवला की उशीवर मान टाकायची. ती गेली तेव्हा अंतिम सामना तीन आठवड्यांवर आला होता. सगळं ताईने एकटीने उरकलं. शेजारीण तोंडावर म्हणाली, “भावाला कळवलं नाहीस? बहीण आहेस की वैरीण?” ताईने तेही गिळलं.

पूर्वी दोघी मिळून मोबाइलवर त्याचे सामने बघायच्या. या मोसमात आईनेच डोळे दुखतात म्हणून ते बंद केलं, आणि ताईला एकटीने बघवत नव्हतं. निकाल तोच सांगायचा. व्हिडिओ कॉल नको म्हणायचा. इथलं नेट रडतं, म्हणे. ताईला तेवढंच बरं होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन आला.

“जिंकलो, ताई. चषक आपला.”

“संपला ना मोसम? आता एकही सामना नाही ना?”

“नाही. का गं?”

“जरा बस खाली.”

“बसलोच आहे.”

मग तिने सांगितलं. इस्पितळ, शपथ, आई कधी गेली, सगळं. ताईला रडू आवरेना.

“शिव्या घाल मला. शेवटचं तोंडसुद्धा बघू दिलं नाही तुला. पण तुझा खेळ बुडाला असता रे! आईच्या जिवाला तोच एक घोर होता.”



“खेळ कुठला, ताई?” तो म्हणाला. “मोसमाच्या पहिल्याच सामन्यात गुडघा गेला माझा. तेव्हापासून कुबड्या घेऊन खोलीत बसून आहे. क्लबच्या खर्चाने उपचार मोसम संपेपर्यंतच होते. तुला कळू दिलं नाही. आईला त्याच दिवशी सांगितलं होतं.”