पोसव्वाचा अंगठा

मल्लेशमच्या पोराचं वेमुलवाड्याला जावळ काढलं, त्याच वर्षी त्याने बहिणीचा खोटा अंगठा लावून बापाचं अख्खं घर गिळलं. बहिणीने, लच्चव्वाने, कोर्टात आपला अंगठा दाखवला. जन्मभर बिड्या वळून त्यावर रेघ उरली नव्हती, कागदावरचा ठसा मात्र लख्ख! तो निघाला आईचा, पोसव्वाचा.

"पेन्शनचा कागद म्हणाला होतास ना रे, बिड्डा?" पोसव्वाने हळूच विचारलं.

"मला काय ठाऊक, साहेब? सगळं अम्मानेच केलं," मल्लेशम न्यायाधीशाला म्हणाला.

"थू! आईला विकतोस?" लच्चव्वा किंचाळली.

पोसव्वाने लेकाकडे पाहून मान डोलावली. शिक्षा तिलाच झाली.


बतुकम्माच्या सणाच्या आदल्या दिवशी पोसव्वा तुरुंगात वारली. प्रेत न्यायला मल्लेशम आला, तेव्हा त्याच्या खिशात कोरा स्टँपपेपर आणि शाईचं पॅड होतं.