दारातला टेम्पो

निवडणुकीआधी घरोघरी येऊन बायकांच्या सरकारी योजनेचे फॉर्म भरून नेले, तेव्हा कुणी काही विचारलं नव्हतं. निवडणूक झाली आणि चौकशी सुरू झाली. घरात चारचाकी असली की बाईचा महिन्याचा हप्ता बंद, वर घेतलेले पैसे परत. तासगावच्या फरीदाच्या शुगरच्या गोळ्या त्याच हप्त्यावर चालायच्या.

तालुक्याच्या कचेरीतली नवी बाई चौकशीचे कागद घेऊन आली, तेव्हा फरीदाचा मुलगा शोएब पडवीत जेवत होता आणि दारात त्याचा बेदाणा वाहायचा जुना टेम्पो उभा होता.

"टेम्पो कुणाचा, चाची?"

फरीदानं शोएबकडं न बघताच सांगितलं, "ह्या पोराचा. भाड्यानं ऱ्हातोय आमच्यात, जेवणासकट."

"आणि तुमचा मुलगा?"

"मला मुलगा न्हाई, बाई."

शोएबचा घास हातातच राहिला. आता हा 'अम्मी' म्हणणार आणि सगळं संपणार, या धास्तीनं फरीदानं पदर मुठीत आवळला.

शोएब उठला. त्यानं आपलं ताट आपणच विसळलं, पालथं घातलं आणि चपला पायात सरकवत म्हणाला, "येतो, चाची. दुसरीकडं खोली मिळाली की सांगतो."