दुखतंय म्हणायचं नाही

संघ सारखा हरायला लागला, तेव्हा कोचने नियमच काढला: रडगाणं बंद! 'दुखतंय' म्हणणारीला मैदानाला दहा चकरा, मग ती सख्खी लेक का असेना. पोरी पडायच्या, उठायच्या आणि म्हणायच्या, "एकदम मस्त, सर!" संघ जिंकतच सुटला.

फायनलला लेकच पाठीवर आपटली. हॉस्पिटलात डॉक्टरांनी कोचला बाजूला घेतलं. "पाय दाबल्यावर दुखलं, तर देव पावला म्हणा. नाही दुखलं, तर अवघड आहे."

त्यांनी तिच्या पायाचा अंगठा करकचून दाबला. कोच तिच्या तोंडाशी वाकला.

"बाळा, दुखतंय ना? अगं, सर नाही, बाबा विचारतोय!"

 

"नाही, सर. एकदम मस्त!"