शंभर बुड्या

सोलापूरच्या डाईंगमध्ये भीमाची तीस वर्षं गेली. चादरीच्या सुताच्या लडी रंगात बुडवायच्या, पिळायच्या, पुन्हा बुडवायच्या. कंबर गेली, पण नखांतला रंग काही गेला नाही. पोरीच्या नशिबी हे नको, म्हणून त्यानं पायलला पार पीएच.डी.पर्यंत शिकवलं. ती उन्हापासून वीज करायचं संशोधन करते, हे तो अख्ख्या कुंभारी गावाला सांगत फिरायचा.

आज ती डबा विसरली, म्हणून तो पहिल्यांदाच तिच्या प्रयोगशाळेत आला. पायल टेबलावर वाकली होती. काचेची पट्टी एका द्रावणात बुडवायची, पाण्यात धुवायची, दुसऱ्या द्रावणात बुडवायची, परत धुवायची.

"किती येळा करायचं ह्ये?"

"शंभर, अण्णा. तवा कुटं काचेवर पातळ थर बसतो. मशीन बंद हाय, म्हणून सकाळपासनं हातानंच चाललंय."

फाटक्या हातमोज्यातून तिची द्रावणानं पिवळी पडलेली बोटं दिसत होती. त्या बोटांकडं बघत भीमानं डबा बाजूला ठेवला.


मग बाह्या वर सारत म्हणाला, "ऊठ, जेवून घे. ह्ये मला येतंय."