कमी साखरेचा फेस

केतकीचे बाबा आमच्या स्वयंपाकघरात स्टुलावर बसले होते आणि त्यांच्या टकलावर मी स्टीलचं पातेलं उलटं धरलं होतं. आत अंड्याच्या पांढऱ्याचा फेटलेला फेस होता. एक थेंबही पडत नव्हता.

त्यांनीच विचारलं होतं, "बँकेतली नोकरी सोडून मेरँग कुकीज, म्हणजे अंड्याच्या फेसाची बिस्किटं, करणाऱ्याला मुलगी द्यायची, तर भरवसा काय?" मी म्हटलं, "दाखवतो." फेस नीट जमला की पातेलं उलटं केलं तरी पडत नाही. एरवी ही परीक्षा लोक स्वतःच्या डोक्यावर घेतात. पण माझ्या डोक्याबद्दल काकांचं मत आधीच झालेलं होतं.

"बरं, पटलं," खालून आवाज आला. "किती वेळ टिकतो हा?"

"साखर भरपूर असती तर बराच वेळ, काका. पण तुमच्या डायबेटिससाठी कमी साखरेचा केलाय. आता पाणी सुटेल."

केतकीने डोळे मिटून घेतले. तिची आई म्हणाली, "अरे, मग काढ ना ते."

"काढतो की. लग्नाचं तेवढं ठरू दे."

फेस पातेल्याच्या कडेशी जरासा सरकला. काकांनी चष्मा काढून खिशात ठेवला.

"पोरगा बिस्किटांवर उपाशी मरणार नाही," ते मान न हलवता म्हणाले. "अगं, भिंतीवरचं कॅलेंडर घे आणि मार्चमधले मुहूर्त वाच. मोठ्याने आणि भरभर."