दहावी पाटी

मैदानात दहा पाट्या होत्या. पाटीवरची आज्ञा वाचायची आणि कुत्र्याकडून करून घ्यायची, अशी स्पर्धा. या पाट्यांपायीच मी साठीनंतर नातीकडून अक्षरं शिकलो. दोनदा पास झालो होतो. आज झालो की माझ्या म्हाताऱ्या कुत्रीला प्रमाणपत्र मिळणार होतं. नवव्या पाटीशी ती बसली, पण उठताना मागचे पाय लटपटले. तरी नजर माझ्यावरच. दहाव्या पाटीवर लिहिलं होतं, 'बसवा, झोपवा, पुन्हा बसवा.' मी तिला घेऊन सरळ पुढे गेलो. परीक्षकांनी शिट्टी वाजवली. "आजोबा, बाद! कुत्री बसत नाही का?" "ती बसते हो. मलाच वाचता येत नाही." दोरीपलीकडून नात आत आली. तिने म्हातारीच्या पायांकडे पाहिलं. "दोन वर्षं शिकवतेय यांना," ती परीक्षकांना म्हणाली, "डोक्यात काही शिरेल तर शपथ!" आणि तिने म्हातारीला अलगद उचललं.